सुगतची धून

मैलूर गावात सगळ्यांना ठाऊक होतं, टाळ्या सुगतला अन् घाम हरिओमला. सुगत लीड गिटारवाला. एकेक तार दाबून, ओढून असा सूर काढायचा की भाजी निवडणाऱ्या बायांचे हात थांबायचे. हरिओम रिदमवाला. तीन कॉर्ड धरायचे अन् खालून ताल देत राहायचं, बस्स. जयंतीच्या स्टेजवर भीमगीतं, सुगतच्या घरी बसले की ब्लूज, ती अमेरिकेतल्या काळ्या माणसांची दुःखाची गाणी. अकरा वर्षं हेच चाललं होतं.

"माझं लीडबी शिकून घे की रे," सुगत म्हणायचा. "एखाद्या दिवशी मी नसलो तर?"

"कामून? तू मेल्यावर बघू," हरिओम फटकारायचा. मनात जळायचा तो, खोटं कशाला सांगा! दुसऱ्याचं उष्टं आपण का खावं, असा ताठा होता गड्याला.

अन् सुगत खरंच गेला. भालकीच्या रस्त्यावर मोटरसायकल घसरली. त्याच्या धुनांची रेकॉर्डिंगं ज्या मोबाइलात होती, त्याचाही चुराडा झाला.

सुगतच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, माणसं जेवून पांगली. सुगतची आई सरुबाई हरिओमजवळ येऊन टेकली. "त्यानं माझ्यासाठी बसवलेली ती धून वाजव बाबा. एकदाच ऐकते, पुन्हा न्हाई मागायची."

ती धून हरिओमनं शेकडो वेळा सुगतसोबत वाजवली होती, पण तिच्यातला सुगतचा एकही सूर त्याच्या बोटांत नव्हता. या माऊलीला न्हाई तरी कसं म्हणावं? त्यानं गिटार मांडीवर घेतली, तारा जुळवल्या, डोळे गच्च मिटले अन् सुरू केलं.

तेच तीन कॉर्ड, तीच संथ चाल. सवयीनं तो सुगतसाठी जागा सोडत गेला अन् त्या जागेत कोणीच येईना. आपल्या हट्टापायी ह्या बाईचं लेकरू आपण दुसऱ्यांदा घालवलं, असं त्याला वाटलं. तरी हात थांबवला न्हाई. सगळी धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली, अन् मग डोळे उघडले.

सरुबाई पदर सावरून, कान टवकारून तशीच बसली होती.

"जुळल्या का तारा?" ती म्हणाली. "मग कर आता सुरू, लेकरा."