अर्ध्या स्वराची चूक

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. माझ्या झाकणाला तडा गेला आहे, पण माझी चाल अजून चोख आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण एकदा तिच्यावरच संशय घेतला गेला.

दुकानातून मी थेट एका नकाशे काढणाऱ्या गृहस्थांच्या घरी आलो. त्यांना बरोक काळातले, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचे, चर्चमधले समूहगायन फार प्रिय. दीडशे गायक आणि संथ लय असलेली त्यांची लाडकी रेकॉर्ड मी तीस वर्षे वाजवली. लेकीला मांडीवर घेऊन, माझ्यासमोर बसूनच त्यांनी तिला ऐकायला शिकवले.

पुढे मोठी झालेली लेक त्याच रचनेची दुसरी रेकॉर्ड देऊन गेली. संचालक वेगळा, गायक सोळाच, वाद्ये जुन्या घडणीची. बाबांनी ती लावली. सूर त्यांना नेहमीपेक्षा उतरलेला वाटला. "म्हातारा झालास, मंद चालतोस," असे मला म्हणत त्यांनी माझ्या वेगाची कळ पुढे सरकवली. वेगाबरोबर सूर चढून जुळला, गाणे मात्र धावत सुटले.

रविवारी लेक आली.

"काय हो बाबा, कशी वाटली?"

"तुझ्या त्या संचालकाच्या घरी दूध उतू जात होतं का गं? ही काय प्रार्थना झाली?"

"आणि तुमची? देवालासुद्धा डुलकी लागेल!"

दोघेही हसले. पण बाबा पुढे बोलून गेले, "तुला कानच नाही, हेच खरं." लेकीचा चेहरा उतरला. चहा न घेताच ती निघून गेली.

मला बोलता आले असते तर!

दोन दिवसांनी मला तपासायला कारागीर आला. "मशीन ठणठणीत आहे, काका. या रेकॉर्डवरचे लोक जुन्या रीतीनं सूरच अर्धा स्वर खाली लावतात." मग कळ जागेवर आणून बाबांनी ती रेकॉर्ड रोज ऐकली. एका जागी दरवेळी डोळे पुसले. "पोरीचं बरोबर होतं," ते मलाच म्हणाले. "फोनवर नको. रविवारी समोर बसवून सांगतो."

शनिवारी सकाळी ते गेले.

आता मी लेकीच्या घरी असतो. ती मला जिवापाड जपते, पण लावते ती फक्त संथ रेकॉर्ड. दुसरी पाकिटातच आहे. "बाबांना नव्हती आवडत," असे ती मुलांना सांगते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, आमच्यावरची धूळ पुसा. पण आमच्यातून तुमच्या मनातले कोणाला ऐकू जात नाही. तुमचे मत बदलले, तर ते त्या माणसाला त्याच दिवशी सांगा. फोनवर सांगितले तरी चालेल.