म्हातारीच्या काळजाची रेघ

धुकं खाडीवरून वर चढलं, की कोरीनच्या प्रयोगशाळेची खिडकी पांढरीफटक व्हायची. मग बाहेरचं पाणी कुठे संपलं आणि टाकीतलं कुठे सुरू झालं, हे सांगता येत नसे. पंपाची घरघर तेवढी चालू. टाकीच्या तळाला रेती, आणि रेतीत गार समुद्रातल्या काळपट शिंपल्या, मुठीएवढ्या, तोंड मिटून बसलेल्या. या जातीची शिंपली माणसाच्या तीन-चार पिढ्या सहज मागे टाकते. त्यातल्या सगळ्यांत मोठीला कोरीन ‘म्हातारी’ म्हणे.

“घरात एक म्हातारी असताना दुसरी कशाला पाळलीस?” तिची आई ओडील विचारायची.

“ती बोलत नाही, म्हणून.”

“बघ हं. मी बोलायची थांबले तर रडशील.”

कोरीनने तीन मुलं वाढवली, नवऱ्याला त्याच्या वाटेला लावलं आणि मग चाळिशीत शिकायला घेतलं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या टोकाला बायका त्या वयात विणकामाची लोकर निवडतात. हिने शिंपल्या निवडल्या. आता पन्नाशी उलटली होती आणि कागदोपत्री ती ‘नवोदित संशोधक’ होती. नवोदितांनाच मिळणारी एक पायलट ग्रँट असते. मोठा पैसा देण्याआधी कल्पनेची चव बघायला दिलेला थोडा पैसा, एका वर्षापुरता. म्हातारपण का येतं, कसं येतं, हे शोधणाऱ्यांसाठी एका समितीने ती जाहीर केली होती. ती मिळाली तर टाकी राहणार होती. नाही मिळाली, तर उन्हाळ्याआधी टाकी शेजारच्या शेवाळवाल्यांना जाणार आणि शिंपल्या परत खाडीत. प्रयोगशाळा ज्या सागरी संशोधन केंद्राची, त्याचे प्रमुख वेंडेल यांनी हे गोड बोलून सांगितलं होतं, पण सांगितलं होतं.

कोरीनचा प्रश्न साधा होता, म्हणूनच तो तिला झोपेतही सोडत नसे. या शिंपल्या कधीकधी, काही कारण नसताना, रेतीत खोल जातात. दार लावून घेतात. खात नाहीत, श्वास घेत नाहीत, काळीजही जवळपास थांबतं. पुष्कळ दिवसांनी वर येतात, जणू काही झालंच नाही. मग ते थांबलेले दिवस त्यांच्या वयात धरायचे का? की वयही त्यांच्यासोबत दार लावून बसतं?

अर्ज पाठवण्याआधी केंद्रात एक रीत होती. सगळे जमायचे, ब्लूबेरीचं सारण भरून भाजलेला गोड ‘पाय’ कापायचे, आणि आपणच समिती असल्यासारखं अर्ज फाडून खायचे. ज्याचा अर्ज, त्याने पाय आणायचा. म्हणजे शिव्याही खायच्या आणि खायलाही घालायचं.

“पाय उत्तम,” वेंडेल तोंड पुसत म्हणाले. “अर्जाचं तसं म्हणवत नाही. कोरीन, ही शिंपली म्हातारी कशावरून?”

“आकारावरून. कवचाच्या रंगावरून.”

“रंगावरून मला माझ्या बायकोचं वय ओळखता आलं नाही कधी.”

सगळे हसले. कोरीनही हसली.

“वय सिद्ध कर,” ते म्हणाले. “फोड तिला. कवच कापून आतली वलयं मोज. वर्षाला एक वलय. तो आकडा पहिल्या पानावर टाक, बघ समिती कशी सरळ बसते.”

“मग त्या थांबलेल्या काळजाचं काय मोजू?”

“दुसरी घे. तुझ्याकडे आहेत की.”

या धंद्यातले लोक असेच. लांब जगणारं काही हाती लागलं, की आधी त्याला मारून किती जगलं ते बघतात. मनाने वाईट नसतात. प्रश्न विचारता विचारता त्यांचा हात आपोआप सुरीकडे जातो, आणि कोरीनचाही जात होताच. त्या दिवशी तिने अर्जात लिहून टाकलं: ‘सर्वांत मोठ्या प्राण्याचे वय वलयांवरून निश्चित केले जाईल.’ लिहिताना वाक्य किती स्वच्छ दिसत होतं.

घरी ओडील वाटाण्याचं सूप ढवळत होती. ऐकून तिने डाव तसाच धरून ठेवला.

“किती जगली ते कळावं म्हणून मारायची?”

“तशी पद्धत आहे, आई.”

“माझं वय हवं असेल तर जन्मदाखला कपाटात आहे. सुरी घेऊन येऊ नकोस.” मग वाढता वाढता, “आणि मारणारच असशील तर निदान सूप कर. तुमच्या केंद्रात ना धड जगू देतात, ना धड खातात.”

अर्ज शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचवायचा होता. शुक्रवारी दुपारी धुकं इतकं दाट होतं, की धक्क्यावरच्या होड्यांच्या नुसत्या घंटा ऐकू येत होत्या. कोरीन एकटीच होती. थंड पाण्याचं घमेलं भरून ठेवलं होतं, शेजारी बुटक्या पात्याची सुरी. वलयांचा आकडा हाती आला तर तो संध्याकाळच्या आत पहिल्या पानावर टाकायचा होता.

म्हातारी आठवडाभर रेतीत गडप होती. तिच्या कवचावर कोरीनने एक इवलासा दिवा चिकटवला होता. त्याचा उजेड कवचातून आत जाऊन काळजाची हालचाल टिपायचा आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघ उठायची. कोरीनने पडदा पाहिला. रेघ सपाट होती. मागे सरकवली, सकाळपर्यंत, आदल्या दिवसापर्यंत. सपाटच. एरवी दडलेल्या शिंपलीचाही अधूनमधून एखादा ठोका दिसे, इथे एकही नव्हता.

मेली. आपल्या आपण मेली. आणि त्याच्या पाठोपाठ, लाज वाटावी असा, हलकेपणा आला. आता सुरी चालवायला हरकत नाही. आता वलयं मोजली तर ती नुसती मोजणी.

तिने म्हातारीला वर काढून घमेल्यात ठेवलं. कवच गारठलेलं, घट्ट मिटलेलं. सुरी उचलली आणि मग, का कोण जाणे, खाली ठेवून टाकीच्या काचेला कपाळ टेकलं. काच थंड होती. पंपाची घरघर हाडात उतरली.

डोळा लागला की नाही, तिला पुढे कधी सांगता आलं नाही. ती तळाशी होती. वर कुठेतरी खूप उजेड होता, तो खाली येता येता हिरवा होत होता. बारीक माती झरत होती, आणि तिला कळत होतं की ही माती नाही, वर्षं आहेत. कोणाची तरी लग्नं, बारशी, बर्फाचे हिवाळे, सगळं असं कणाकणाने, आवाज न करता खाली बसत होतं. तिच्या खांद्यावर थर चढला. जड वाटला नाही. तिने दार लावून घेतलं. आत अंधार होता आणि कसलीच घाई नव्हती. मुलं कुठेतरी वर खेळत होती, आई कुठेतरी वर बोलत होती, आणि तिला कोणाला उत्तर द्यायचं नव्हतं.

मग काहीतरी हललं. आतून, एकदाच.

कोरीनने डोकं उचलून पडद्याकडे पाहिलं. सपाट रेघेच्या शेवटी एक छोटी टेकडी उठली होती. पुढे पुन्हा सपाट.

ती पडद्यावर नजर लावून बसली. दुसरा ठोका आलाच नाही. बाहेर घंटा वाजत राहिल्या. पण तो एक ठोका तिथे होता, पुसला जात नव्हता.

“सटवे,” ती म्हणाली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. तिने म्हातारीला परत रेतीत ठेवलं, वरून मूठभर रेती सारली, आणि सुरी धुऊन खणात टाकली.

पहिलं पान तिने नव्याने लिहिलं. वलयांचं वाक्य काढलं. त्या जागी ती रेघ चिकटवली, लांबच लांब सपाट, एका टेकडीसह. खाली लिहिलं: ‘या प्राण्याचे वय आम्हाला माहीत नाही. ते जाणण्यासाठी त्याला मारणार नाही. तो थांबतो कसा, हे पाहायचे आहे.’

वेंडेल डोकावले, वाचलं, चष्मा काढला. “म्हातारपणाच्या समितीकडे वय नसलेला अर्ज?”

“हो.”

“टाकी हवी आहे ना तुला?”

“टाकीत ती असली तर हवी आहे.”

त्यांनी चष्मा परत चढवला. कोरीनने बटण दाबलं.

उत्तर वसंतात आलं, बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता तेव्हा. समितीतल्या एकाने लिहिलं होतं, वय सिद्ध नाही, ही मोठी उणीव. दुसऱ्याने लिहिलं होतं, रेघेत एकच ठोका आहे, यावर काही ठरवता येत नाही. तिसऱ्याने एवढंच लिहिलं होतं, की पुढचा ठोका कधी पडला ते कळवावं, मी वाट बघतो आहे. खाली ग्रँट मंजूर. एक वर्ष.

ओडीलने बातमी ऐकली आणि खुर्चीत मागे रेलली.

“एकच वर्ष? अगं, तेवढ्यात तुझ्या म्हातारीची जांभईसुद्धा पुरी व्हायची नाही.”

“तेवढंच मिळतं, आई.”

“मग जा, बस तिच्यापाशी. मी सूप ठेवते.”

कोरीन केंद्रात गेली. धुकं आलं होतं. म्हातारी आपल्या आपण वर आली होती आणि कवच जरासं उघडून पाणी आत घेत होती. कोरीनने बाही वर करून हात टाकीत घातला आणि कवचाच्या अगदी कडेला बोट टेकलं, जिथे यंदाचं वलय अजून धरायचं होतं.