पेन्सिलीची टिंबं

शाळा सोडल्यावर घरात बसून डोकं खाशील, म्हणून मावशीनं मला तिच्या पतपेढीत चिकटवलं. ती तिथली कॅशियर. माझं काम एकच, जुन्या लेजरमधले चारशे सभासद नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचे. नाव, पत्ता, शिल्लक, एंटर. दुपारी काचेतून ऊन यायचं, त्यात लेजरची धूळ तरंगायची आणि आपण पाण्याखाली बसलोय असं वाटायचं.

काही नावांशेजारी मावशीनं पेन्सिलीनं टिंब दिलेलं. स्क्रीनवर त्याला रकानाच नव्हता. मी सोडून दिलं. तिला विचारावं तर व्याख्यान ऐका.

मावशीचं म्हणणं, महिनाभर लेजर आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू ठेवा. मॅनेजर साहेबांनी पहिल्याच दिवशी लेजर कपाटात टाकली.

त्या दिवशी मावशी रोकड आणायला गेलेली. साहेब स्वतः काउंटरवर, एका बोटानं टाइप करत. शेजारी मी. घड्याळं दुरुस्त करणारे काका आले, सोबत इस्त्रीच्या शर्टातला कुणीतरी. सगळी ठेव काढायची म्हणाला तो. शिल्लक बरोबर, सही जुळली, स्क्रीन हिरवी. साहेब खूश.

काका माझ्याकडे वाकले. झोपेतून उठल्यासारखं हसले.

"बाळ, आपण कुठं आलोय गं?"

यांच्या नावाशेजारी टिंब होतं. मी साहेबांना थांबा, टिंब आहे म्हटलं, तर म्हणाले, शाईचा डाग असेल, मध्ये बोलू नकोस. माझं डोकं सटकलं. कीबोर्ड उचलून मांडीवर घेतला आणि मावशीला फोन लावला.

"टिंब म्हणजे लेक सोबत असल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "कुणाची लेक, कुणाचा भाऊ. विसरतात गं ती माणसं. तू भरलीस ना टिंबं?"

"नाही."

तिनं फक्त साहेबांना फोन द्यायला सांगितलं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

शर्टवाला गाडी बघून येतो म्हणाला, तो गेलाच. साहेबांनी काउंटर बंद केला, काकांच्या लेकीला फोन केला आणि स्वतः कपाट उघडलं. मी टिंबांची नावं वाचायची, त्यांनी एकेक खातं अडवून ठेवायचं. काका उन्हातल्या बाकावर बसून प्रत्येक नावाला मान डोलवत होते.

लेक धापा टाकत दारात आली तेव्हा आम्ही नवव्या नावावर होतो. काकांनी तिला ओळखलं.