घोटभर पाणी

“लिहून टाक ना वं बाई म्हातारपण! चौऱ्यांशी वर्साची होती बुढी. आनखी काय पाह्यजे तुह्या कागदाले?”

दुर्गाकाकूंचा आवाज चढला होता. त्यांचे यजमान देवमनकाका, म्हणजे माझे गुरू, भिंतीवरच्या फोटोकडे पाहत बसले होते. फोटो त्यांच्या आईचा, गोदाबाईंचा. तीन आठवड्यांपूर्वी त्या गेल्या. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, आणि आज मी फॉर्म घेऊन दारात उभी.

आमचं कामच ते. ज्या घरी कोणी वारलं तिथं जायचं आणि माणूस कशानं गेलं ते विचारायचं. आमचा कागद पुढे दोन डॉक्टर वाचतात, कारण ठरवतात, आणि देशात माणसं कशाकशानं मरतात याची यादी होते. हृदयविकार, दमा, ताप, अपघात. दवाखान्याचं तोंड न पाहता गेलेल्यांना त्या यादीत जागा मिळते ती आमच्यामुळे. अभद्र नोकरी म्हणून दोन स्थळांनी मला नकार दिला. गेले उडत.

हे काम मला देवमनकाकांनी शिकवलं. पहिल्या दिवशी रिद्धपूरला एका घरी मी बसल्याबरोबर प्रश्न क्रमांक एक वाचला, तशी तिथल्या म्हाताऱ्यानं पाठच फिरवली. काका हळूच म्हणाले, “घोटभर पानी भेटीन काय, दादा?” म्हातारा उठला, माठाशी गेला, आणि पाणी ओतता ओतता बायकोच्या तापाबद्दल आपणहून बोलायला लागला.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, “तोंडासमोर कोनी सांगत नाही, पोरी. पानी देताना मानसाची पाठ असते आपल्याकडं, हाताले काम असते. तवा बोलते मानूस. अन् मागितलं का पूर्न प्यायचं. अर्धा पेला ठेवला का घरच्याले वाटते, आपलं पानी गोड नाही लागलं.”

“दिवसाकाठी दहा घरं झाली तर काका?”

“मंग दहा पेले. म्हनून तं मले मुतखडा नाही झाला कधी!”

सव्वीस वर्षांत त्यांच्या हातच्या एकाही फॉर्मवर कारण म्हणून ‘म्हातारपण’ नाही. हिवरखेडला एका आजीचं सगळं घर म्हातारपणावर अडून बसलं होतं. काका स्वयंपाकघरातली काळी भिंत पाहून आले आणि म्हणाले, “किती वर्सं फुकली चूल बुढीनं?” मग दम लागायचा, रात्र रात्र बसून काढायची, सगळं निघालं. “म्हातारपन वय हाय,” ते मला म्हणाले होते, “कारन नाही.”

अशा माणसाच्या घरचा फॉर्म. स्वतःच्या घरचा स्वतः भरायचा नाही हा नियम, म्हणून साहेबांनी मला अकोल्याहून बडनेऱ्याला पाठवलं. गाडीत मी देवाला, बुद्धाला, दिसेल त्याला म्हणत होते, काकांनी निदान माझं काम अवघड करू नये.

“काका,” मी म्हटलं, “त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, सांगा.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“नाही सांगत ते,” काकू म्हणाल्या. “तीन हप्त्यांपासून जेवन धड नाही. लिह्य ना माय, तुले कोन पाहून राहिलं?”

खरंच कोण पाहत होतं? एक शब्द लिहिला असता तर पाच वाजताची गाडी मिळाली असती आणि माझ्या गुरूची मान खाली गेली नसती. मी पेन टेकवलंसुद्धा. पण ज्यांनी हात धरून शिकवलं, त्यांच्याच आईसाठी खोटं लिहायचं? मला ते जमेना.

“काका,” मी म्हटलं, “घोटभर पानी भेटीन काय?”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांची युक्ती त्यांच्यावरच चालवली होती मी, आणि ते त्यांना कळलं होतं. काकू उठायला लागल्या, तर त्यांनी हातानं थांबवलं. स्वतः उठले, माठाशी गेले, आणि पाठमोरे बोलायला लागले.

“सकायी सातले माय म्हने, जबडा दुखते. घाम येऊन राहिला, मयमय करते. छातीत दुखते का म्हनून मी इचारलंच नाही. म्हनलं, रातचं वांगं बाधलं. ओवा देल्ला अन् चांदूर रेल्वेले निघून गेलो. तिथं एक फारम बाकी होता.”

पेला भरून वाहायला लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“दुर्गानं बारा वाजता आटोत घातलं तिले. रस्त्यातच गेली. त्या टायमाले मी दुसऱ्याच्या घरी इचारून राहिलो होतो, दवाखान्यात न्यायले उशीर कावून झाला म्हनून.”

काकू पदर तोंडाला लावून रडू लागल्या. मी लिहीत होते. लिहून झालं की वाचून दाखवायचं, हाही नियम. मी वाचलं, “घरच्यांना अपचन वाटल्यामुळे पाच तास उशीर झाला.”

“घरच्याइले नाही.” काका वळले. डोळे लाल, पण आवाज अगदी रिद्धपूरला मला शिकवतानाचा. “दुर्गा तं सकायीच नेऊ म्हनत होती. मुलाले वाटलं, असं लिह्य. अन् मुलगा सव्वीस वर्सांपासून हेच काम करते, ते बी लिह्य. डॉक्टरले समजू दे, बाईच्या जबड्याचं दुखनं हार्टचं असू शकते, हे माह्यासारख्याच्याही ध्यानात येत नाही.”

मी लिहिलं. त्यांनी सांगितलं तसंच, शब्दन् शब्द. इतका अभिमान मला आजवर कोणाचा वाटला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, थोडा माझाही वाटला.

सही करताना काकांचा हात सवयीनं माहिती घेणाऱ्याच्या रकान्यावर गेला. तिथं माझं नाव होतं. ते थबकले, आणि खाली, माहिती देणाऱ्याच्या रकान्यात, त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. कागदावर दोनदा नजर फिरवून तो मला परत दिला.

मी पिशवी उचलली.

“बस,” काका म्हणाले.

पेला तसाच भरलेला होता. मी बसले आणि सगळं पाणी प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत. ते समोर उभे राहून पाहत होते. मग त्यांनी रिकामा पेला माझ्या हातातून घेतला, उजेडात धरून आत पाहिलं, आणि माठावर पालथा घातला.