कानाडोळा

मूल वर्षाचं होईपर्यंत घरादाराला एकच उद्योग असतो. दात आला का, बसतं का, रांगतं का, समोरच्यांचं तर कधीच चालायला लागलं! तुमच्याआमच्या घरात हेच चालतं, आणि कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याच्या घरातही हेच चाललं होतं. त्याची लेक मात्र या सगळ्या परीक्षांत पहिली येत होती. वेळेवर पालथी पडली, वेळेवर बसली, आणि रांगायला लागली तेव्हा घरभर अशी गरगर फिरू लागली की आजीनं तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता चष्मेवाला लेकीचं कौतुक सांगायचा. गिऱ्हाईक निमूट ऐकायचं, कारण त्याचा चष्मा याच्या हातात असायचा.

एके दुपारी स्वयंपाकघराच्या फळीवरून पातेली कोसळली. शेजारच्या काकू धावत दारात आल्या, आजीच्या छातीत धस्स झालं. चटईवर निजलेल्या भिंगरीची पापणीसुद्धा हलली नाही. काय शांत झोप आहे पोरीची, असं आजी म्हणाली आणि सगळे हसले. चष्मेवालाही हसला. पण त्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्या दिवसापासून तो गुपचूप तिची परीक्षा घेऊ लागला. मागे उभं राहून टाळी वाजवायची, दुकानाच्या किल्ल्या खुळखुळवायच्या. कधी भिंगरी वळायची, मग त्याचा जीव भांड्यात पडायचा. नंतर त्याच्या ध्यानात यायचं की आपली सावली तिच्यापुढे पडली होती, म्हणून ती वळली. मग पुन्हा टाळी, पुन्हा धाकधूक. इतर बाळं ‘बा बा, दा दा’ करू लागली. भिंगरी आधी थोडंफार गुणगुणायची, तेही हळूहळू बंद झालं.

बायकोनं एकदा धीर करून विषय काढला. हिला ऐकू कमी येत असावं, एकदा तपासून आणू, असं ती म्हणाली. चष्मेवाला तिच्यावर खेकसला. काही पोरं उशिरा बोलतात, उगाच नाही ते डोक्यात भरून घेऊ नकोस, असं सुनावून तो दुकानात निघून गेला. तिथं बारीक स्क्रू काही केल्या बसेना.

पुढे मग त्यानं वेगळाच उद्योग आरंभला. कुणी भेटायला आलं की तो भिंगरीला मांडीवर घेऊन पाहुण्यांकडे तोंड करून बसवायचा. समोरून बोललं की ती ओठांकडे टक लावून पाहायची, खुदकन हसायची, आणि पाहुणे म्हणायचे, किती लक्ष आहे हिचं! ते गेले की त्याला घाम फुटलेला असायचा. बायको सगळं बघायची.

भिंगरी वर्षाची होत आली तेव्हा त्याची थोरली बहीण चार दिवस राहायला आली. ताई पोस्टात खिडकीवर काम करायची. दिवसभर माणसं पाहून पाहून तिला समोरच्याच्या मनातलं पटकन कळायचं.

दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. बायको जमिनीवर चादर अंथरून कपड्यांना इस्त्री करत होती. नळ चालू राहिल्याचं आठवून ती उठली, आणि तेवढ्यात भिंगरी सरसर रांगत इस्त्रीच्या वायरीकडे निघाली. चष्मेवाला घराला लागूनच असलेल्या दुकानाच्या दारातून आत येत होता. तो जिवाच्या आकांतानं ओरडला,

“भिंगरी, थांब!”

कुठलंही मूल दचकलं असतं. भिंगरी दचकली नाही. तिनं वायर मुठीत धरली, आणि ती ओढणार तोच ताईनं झडप घालून तिला उचललं. इस्त्री जागची हलली नाही. पोरगी आत्याच्या कडेवर बसून तिच्या कानातल्या कुडीशी खेळू लागली.

चष्मेवाल्यानं आधी इस्त्रीचं बटण बंद केलं.

“तुझ्या ओरडण्यानं गल्लीतली कुत्री भुंकायला लागली,” ताई हळू आवाजात म्हणाली. “कधीपासून ठाऊक आहे तुला?”

त्यानं मान खाली घातली. मग अडखळत बोलू लागला. आत्ताशी कुठं वर्षाची होतेय. एकदा तपासलं की शिक्का बसणार. कानात यंत्र दिसलं की पोरं चिडवणार, लोक तिला बहिरी म्हणणार. पुढे तिचं कसं होणार?

ताईनं सगळं ऐकून घेतलं.

“लोक बोलतील ते तिला ऐकू येणारच नाही,” ती म्हणाली. “ऐकू येईल ते तुला. म्हणजे हे तू तिच्यासाठी लपवत नाहीस, स्वतःच्या कानांसाठी लपवतोयस. लहान पोराला चष्मा नको म्हणून आईबाप अडून बसतात, त्यांना तू काय सांगतोस रे?”

तो काय सांगायचा? लाजू नका, पोराला फळा दिसायला हवा, असंच तर तो सांगायचा.

इतका वेळ भिंतीला टेकून उभी असलेली बायको तेव्हा बोलली.

“मी रोज तिच्याशी बोलते. अंघोळ घालताना, भरवताना. आणि मनात येतं, मी हे कुणाला सांगतेय?”

एवढं ऐकल्यावर त्याला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान बंद ठेवलं आणि तिघं इस्पितळात गेली.

तपासणीच्या खोलीबाहेर बसून त्यानं नखं कुरतडून काढली. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं, असं निघालं. तपासणाऱ्या बाईंनी गोलमोल काही सांगितलं नाही. यंत्र लावलं म्हणजे सगळं एका दिवसात होणार नाही, ऐकायला आणि बोलायला शिकवावं लागेल, घरच्यांनाही खपावं लागेल. शेवटी त्या म्हणाल्या की आणलंत हे चांगलं केलंत, पण आणखी आधी आणायला हवं होतं. हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

यंत्र लावलं तेव्हा भिंगरी घाबरून रडली. पुढचे कित्येक दिवस ती ते उपटून फेकायची आणि आजी सोफ्याखाली शिरून शोधून आणायची. आणि एका सकाळी ती रांगता रांगता मोरीपाशी थबकली. आत बादलीत नळ ठिबकत होता. ती उंबऱ्याशी बसली, मान तिरकी करून ऐकत राहिली. नंतर नळाकडे बोट करून तिनं स्वतःच एक आवाज काढला. तो शब्द नव्हता, पण तो ऐकून चष्मेवाल्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.

आता तो तिला उघडपणे दुकानात आणून बसवू लागला. लोक बघायचे. काही जण कुजबुजायचे, ते त्याला ऐकूही यायचं, आणि पहिले काही दिवस ते टोचायचंही. एकदा शेजारच्या काकू आल्या. नसलेलं काम काढून बराच वेळ घुटमळल्या. दुकानातलं शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी भिंगरीच्या कानाकडे बघत विचारलं,

“ही तपासणी कुठं करतात हो? आमचा नातू... त्याला हाक मारली की कधी बघतो, कधी बघत नाही.”

चष्मेवाल्यानं पत्ता सांगितला, आणि मग म्हणाला, “उद्याच जा काकू. मी येतो बरोबर.”

वाचकहो, आपलं मूल शेजारच्या मुलाच्या आधी चाललं का, याची आपण केवढी काळजी करतो! आणि मनात खरी शंका आली की लोकलाजेपायी तिच्याकडे कानाडोळा करतो. शंका खोटी ठरली तर आनंदच आहे. खरी ठरली, तर त्या लेकराचा एकेक दिवस मोलाचा असतो, आणि आपल्या लाजेसाठी तो खर्च करायचा हक्क आपल्याला कुणीही दिलेला नाही.