बॉनेट न उघडता

पातेल्यावरचं झाकण खडखडलं. धाकट्याच्या अंघोळीचं पाणी उकळलं होतं. मी उठून गॅस बारीक केला.

"मग?" नवरा म्हणाला.

"मग काय? सोडायची ठरवलीयस तर सोड नोकरी."

"ठरवली नाहीये गं. विचारतोय."

विचारतोय म्हणे! लग्नाआधीपासून तो रंगाच्या कारखान्यात होता, ढवळणीच्या खात्यात. त्याचे रुमाल धुताना मला समजायचं, आज कुठला रंग काढला ते. आमची थोरली, खारू, दारातच त्याचं नाक निरखून ओरडायची, "आज बाबा हिरवे!" तो हसायचा, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ यायची. मग खारू त्याच्या पाठीवरून हात फिरवायची, मी धाकट्याच्या पाठीवरून फिरवते तसा. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं, "औषध मी देईन, पण तिथली हवा काही मला बदलून देता येणार नाही."

त्याच्या डोक्यात टोचनची गाडी होती. मोठ्या रस्त्यावर बंद पडलेली वाहनं ओढून गॅरेजपर्यंत आणायची. काम उघड्या हवेतलं आणि मालक आपणच. नवा ट्रक घेण्याची आमची ऐपत नव्हती, पण डिझेलची, दमदार, चार हात फिरलेली का होईना, एक गाडी मिळाली की झालं. तो सुट्टीच्या दिवशी गाड्या बघत हिंडायला लागला. बरोबर ओळखीतला चष्मेवाला मेकॅनिक. दोघं मिळून विकणाऱ्याचा जीव नकोसा करायचे. नवरा गाडीखाली पाठीवर झोपायचा, ऑइल बोटावर घेऊन हुंगायचा, स्प्रिंगचे पाटे हातानं चाचपायचा. इंजिन गार असतानाच चालू करून दाखवा म्हणून हटून बसायचा. एक दलाल शेवटी वैतागून म्हणाला, "साहेब, गाडी घेताय की पोरगी देताय?"

"दोन्हीत फसलो तर आयुष्यभर निस्तरावं लागतं," नवरा गाडीखालूनच म्हणाला. हे त्यानं मला घरी येऊन स्वतःच सांगितलं, मोठ्या फुशारकीनं.

मग माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, तुम्ही बाहेर कशाला शोधताय? अप्पांची गाडी उभीच आहे की."

अप्पा म्हणजे माझे वडील. त्या ट्रकनं त्यांनी वीस वर्षं जनरेटरच्या ट्रॉल्या ओढल्या. गुडघे गेले तशी गाडी अंगणात लागली. मी त्या केबिनमध्ये वाढले म्हटलं तरी चालेल. गिअरच्या दांड्यापाशी घडी केलेल्या पोत्यावर मी झोपायचे.

"जाताना मेकॅनिकला घेऊन जा," मी म्हटलं.

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, सासऱ्याच्या गाडीला मेकॅनिक? काय दिसेल ते! जावई अंगणात पाय बाहेर काढून गाडीखाली झोपलाय आणि सासरे चहा घेऊन उभे. काहीतरीच तुझं."

"दिसलं तर दिसलं."

"अप्पा माझ्याशी खोटं बोलतील का?"

मलाही तो प्रश्नच वाटला नाही.

आम्ही गेलो तेव्हा अप्पांनी ट्रक धुऊन पुसून ठेवला होता. सीटला नवं कव्हर होतं. भाऊ चहाचे कप घेऊन आत-बाहेर करत होता. एरवी तो पाण्याचा पेला उचलून ठेवत नाही. मी धाकट्याला खांद्यावर टाकून गाडीला एक चक्कर मारली आणि बॉनेटवर तळहात ठेवला. ही माझी लहानपणापासूनची सवय. शाळेतून आल्यावर मी आधी बॉनेटला हात लावायचे. गरम असलं की अप्पा नुकतेच आलेत, म्हणजे खिशात खाऊ असणार.

बॉनेट कोमट होतं.

"अप्पा, गाडी बाहेर नेली होती?"

"धुवायला नळापाशी काढली होती, सकाळी," अप्पा म्हणाले. मग नवऱ्याकडे वळून, "हे बघा जावईबापू, मी काही लपवत नाही. मीटरवर साडेचार लाख आहेत. दुसरा कुणी असता तर मीटर मागे फिरवून दिलं असतं. मला ते धंदे जमत नाहीत."

"ते काय मला माहीत नाही का, अप्पा," नवरा म्हणाला.

अप्पांनी चावी फिरवली. पहिल्याच सेल्फला इंजिन उठलं. नवऱ्यानं एक फेरी मारली, उतरला, आणि बॉनेटला बोट न लावता म्हणाला, "झकास." भाव करायचं त्यानं नावही काढलं नाही, अप्पांनी सांगितले तेवढे पैसे मोजून दिले. अप्पांनी चावी खारूच्या हातात ठेवली. "घे, तुझ्या बापाला दे. म्हणावं, आजोबांनी काळीज काढून दिलंय."

नवऱ्यानं कारखाना सोडला, आणि पहिल्या पंधरवड्यातच सकाळी गाडी उठेना. सेल्फ कण्हायचा, थांबायचा, पुन्हा कण्हायचा. मग सगळी गल्ली पांढऱ्या धुरात बुडायची आणि समोरच्या वहिनी खिडक्या आपटून लावायच्या. "जुनं माणूस आहे," नवरा म्हणायचा, "उठायला वेळ लागणारच." लहान मोटारी तो ओढून आणायचा. घरी येताना अंगाला डिझेलचा वास, पण रुमाल पांढरा. खारूनं तर तक्रारच केली, बाबा आता रंगाचे राहिलेच नाहीत. महिनाभर रात्री मी त्याच्या खोकल्यानं जागी झाले नाही. धाकट्यानं उठवलं तेवढीच. त्या महिन्याइतकी मी कधी सुखात नव्हते, हे मला तेव्हाच कळत होतं.

मग एकदा माल भरलेली व्हॅन चढावर ओढायची होती. अर्ध्या चढावर गाडीचा दम गेला. आधी काळा धूर, मग निळा, मग काहीच नाही. टोचनच्या गाडीला टोचन लावून आणायला दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागलं. तो माणूस नवऱ्याला म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडून काय घेऊ? आपण एकाच धंद्यातले." आणि तरी त्यानं घेतले.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गॅरेजमध्ये गेले, दोन्ही पोरं बरोबर. चष्मेवाल्यानं ट्रक कसाबसा चालू केला होता. नवरा समोरच्या गॅरेजमध्ये पाना मागायला गेला होता. मेकॅनिकनं इंजिनात ऑइल ओततात तिथलं झाकण काढलं आणि उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवलं. झाकण थरथरलं, नाचायला लागलं, आणि टुणकन उडून खाली पडलं. खारूनं टाळ्या वाजवल्या. "पुन्हा, काका, पुन्हा!"

"पुन्हा काय, बाळ," तो म्हणाला. "आतल्या रिंगा झिजल्यात. सगळा जोर इथून वाया जातो, चाकाकडे जातच नाही." मग चष्मा कपाळावर सरकवून त्यानं ट्रकच्या डाव्या दारावरचा पोचा न्याहाळला. "वहिनी, ही गाडी मी पाहिलीय. गेल्या थंडीत एका गिऱ्हाइकाबरोबर गेलो होतो बघायला. आम्ही अजून बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. मालक म्हातारेबुवा, त्यांनी स्वतःहून हेच झाकण असं ठेवून दाखवलं आम्हाला. म्हणाले, रिकामी फिरवायची तर न्या, ओढायच्या कामाला नेऊ नका, इंजिन संपलंय. गरम असली की उठते, गार असली की नाही. असा खरा माणूस बघायला मिळत नाही हो हल्ली. त्यांनी पुढे कुणा दलालाला दिली असणार, आणि त्या मेल्यानं तुम्हाला टोपी घातली. ह्यांनी कुणाकडून घेतली?"

नवऱ्यानं त्याला सांगितलंच नव्हतं. मेकॅनिकला न नेता गाडी घेतली ह्याची लाज वाटली असणार.

"ओळखीतून," मी म्हटलं. "दादा, म्हातारेबुवांचं ह्यांना सांगू नका."

"का हो?"

"नका सांगू."

त्यानं चष्मा परत नाकावर घेतला. काय समजायचं ते समजला असावा, कारण पुढे त्यानं काहीच विचारलं नाही. खारूला मात्र एक जुना नट दिला खेळायला.

तिथूनच मी पोरांना घेऊन अप्पांकडे गेले. ते ओट्यापाशी स्टूल घेऊन मिक्सरची वायर जोडत बसले होते. भाऊ नव्हता.

"ये, ये! आज अचानक? जावईबापू कुठायत?"

"गाडीखाली," मी म्हटलं. "अप्पा, रिंगा गेल्यात हे तुम्हाला ठाऊक होतं."

त्यांनी वायरचं टोक दातांनी सोललं. प्लास्टिकचा तुकडा जिभेवरून काढून बोटानं झटकला. "कोण म्हणालं?"

"गेल्या थंडीत जे गिऱ्हाईक आलं होतं त्याच्या मेकॅनिकनं. तो तुमची स्तुती करत होता. असा खरा माणूस नाही म्हणाला."

अप्पांचा चेहरा क्षणभर उजळला. मी ते पाहिलं. न पाहते तर बरं झालं असतं.

"परका माणूस होता तो," ते म्हणाले. "रस्त्यात बंद पडला असता तर आपल्याला शिव्याशाप. आयुष्यात परक्या माणसाला फसवलं नाही मी. विचार कुणालाही."

"आणि आम्हाला?"

"तुम्हाला फसवलं कुठे? घरातल्या घरात आहे सगळं. तुझ्या भावाला दुकानाची जागा मिळत होती, पैसे भरले नसते तर हातची गेली असती. तुझा नवरा कमावता आहे, इंजिनाचं काम करून घेईल. घरचं माणूस सांभाळून घेतं, पोरी. परका घेईल का?"

"इंजिनाच्या कामाला आहेत कुठे पैसे, अप्पा? तो परत रंगात जाईल."

"मग त्यानं बॉनेट उघडायचं होतं!" अप्पांचा आवाज चढला. धाकटा दचकून माझ्या पदराला बिलगला. "मी तयारीत होतो. नुसतं उघडलं असतं ना, तरी सांगून टाकलं असतं सगळं. मी वाटच बघत होतो. त्यानं उघडलंच नाही. मी काय करू?"

"तो तुमचा मान राखत होता."

"मग मी त्याला कसं सांगायचं?" अप्पा म्हणाले, आणि वायरला चिकटपट्टी गुंडाळायला लागले. पट्टीचं टोक सारखं निसटत होतं. उभ्या जन्मात प्रथमच मी वायर धरायला पुढे झाले नाही. खारू उंबऱ्यात बसून नट बोटात घालत होती, काढत होती. तिचं लक्ष नाही असं मला वाटलं.

"चहा तरी घे."

"नको."

घरी आलो तर नवरा हातपाय धुऊन पलंगावर बसला होता. नखांतलं ऑइल तसंच. "बोललो कारखान्यात," तो म्हणाला. "घेतायत परत. त्याच खात्यात, नव्या माणसाच्या पगारावर. सोमवारपासून ये म्हणाले." मी खाली बसले. धाकट्याला अंगावर घेतलं म्हणजे कुणाकडे बघावं लागत नाही.

"अगं, एक कर," तो म्हणाला. "अप्पांना ह्यातलं काही कळू देऊ नकोस. जिवापाड जपलेली गाडी ती त्यांची. मीच जास्त दाबली चढावर. उगाच मनाला लावून घेतील म्हातारे."

"हं," मी म्हटलं.

"काय हं? शपथ घे."

"नाही सांगत."

त्याला बरं वाटलं. त्यानं वाकून धाकट्याच्या टाळूवर ओठ टेकवले, मग माझ्या केसांवर, आणि ट्रक भंगारवाल्याला दाखवायचा कधी ते विचारायला मेकॅनिककडे गेला. जिन्यावर त्याची चप्पल वाजत खाली गेली. आता ह्यापुढे अप्पांचं नाव निघालं की तो त्यांची बाजू घेणार, आणि मी त्याला घेऊ देणार. तोंड उघडलं तर त्याचा सासरा जातो, माझं माहेर जातं. नाही उघडलं तर तो उरलेलं आयुष्य स्वतःच्या पायाला दोष देत राहणार, चढावर जास्त दाबली म्हणून.

धाकटा दूध पिता पिता झोपला. खारू माझ्या गुडघ्याला टेकून बसली होती. तिच्या वेण्या सुटल्या होत्या, मी एका हातानं केस सारखे करत होते. तिनं मान वर केली.

"आई," ती म्हणाली, "आपण आजोबांचे परके झालो, तर ते आपल्याला खरं सांगतील का?"