कासियानोचं पान

रॉड्रिगेसच्या बाजारात एर्मिनियाकडे होते तितके बटाटे कुणाकडे नव्हते आणि तिच्या जिभेला होती तितकी धारही कुणाच्या जिभेला नव्हती. कुठल्या गिऱ्हाइकाला पिवळा बटाटा लागतो, कुणाला जांभळा, कुणाच्या सासूला थंडीत वाळवलेला काळा बटाटाच पचतो, सगळं तिला तोंडपाठ होतं. फक्त स्वतःच्या नवऱ्याला काय आवडायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तिचा एकटीचाच दोष होता असंही नाही. ती पहाटे दुकान मांडायची. कासियानो दोन गल्ल्या सोडून बायकांच्या गोल टोप्या वाफेवर धरून नीट करून द्यायचा. बाजारातलं कोण दुपारी घरी जाऊन जेवतं? ती पोत्यावर बसल्या बसल्या मिळेल ते खायची, तो एखाद्या खाणावळीत. रात्री घरी चहा आणि पाव. अशी सगळी वर्षं गेली, आणि एक दिवस टोपीला ब्रश मारता मारता कासियानो खाली बसला तो उठलाच नाही.

गेलेलं माणूस तीन वर्षं नोव्हेंबरात सगळ्या संतांच्या सणाला दुपारी घरी जेवायला येतं. तिसऱ्या वर्षी त्याला निरोप द्यायचा, मग त्याची वाट बघायची नाही. त्याच्या आवडीचं रांधून मेज मांडायचं, त्याच्या नावाने पावाची बाहुली करून ठेवायची. ते आलं की कळतंच. मेणबत्तीची ज्योत हलते, नाहीतर एखादी माशी ताटावर येऊन बसते. एर्मिनियाने पहिल्या वर्षी भाजलेलं डुक्कर ठेवलं, दुसऱ्या वर्षी कोंबडी. माशी म्हणून फिरकली नाही.

"माझ्या भावाला डुक्कर सोसायचं नाही, वहिनी," तोरिबिया, तिची नणंद, म्हणाली. "लहानपणापासून."

"मग तेव्हा का नाही बोललात, वन्सं?"

"मला वाटलं, बायकोला माहीत असेल!"

हे तिला फार लागलं. यंदा तिसरं वर्ष. यंदा नाही आला, तर तो तिच्या हातचा घास न खाताच कायमचा जाणार होता. सणाच्या आदल्या दिवशी ती नाक मुठीत धरून प्लासिदाच्या खाणावळीत गेली. कासियानो तिथे जेवायचा, एवढं तिला ऐकून माहीत होतं.

बाजारभर गर्दी उसळली होती. पावाच्या बाहुल्यांना लावायचे रंगीत चेहरे, उसाची कांडकी, पात असलेले कांदे, सगळीकडे ढकलाढकली. प्लासिदा भल्यामोठ्या पातेल्यामागे उभी होती. रुंद हाडाची, थोडं बोलणारी बाई.

"या, कासेरा," ती म्हणाली. बाजारात घेणारी आणि विकणारी एकमेकींना कासेराच म्हणतात, पटत नसलं तरी.

"माझा नवरा काय खायचा तुझ्याकडे?"

प्लासिदाने डावाने पातेलं ढवळलं. "शेंगदाण्याचं सूप. वर तळलेले बटाटे, पण आधी नाही घालायचे, मऊ पडतात. चटणी पाट्यावरचीच लागायची. मिक्सरची ओळखायचा."

"बटाटे कुठले?"

"तुमचेच. दुसरे आणले की म्हणायचा, हे आमच्या घरचे नाहीत."

एर्मिनियाने पातेल्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "उद्या एक पातेलं मलाच करून दे ना. मला काही तसं जमायचं नाही."

"उद्या मी बंद आहे. घरी मेज मांडते."

"तुझं कोण गेलंय? तुला तर कुणीच नाही."

प्लासिदाने मान खाली घातली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं ताट भरायला घेतलं. जाता जाता एर्मिनियाने शेजारच्या कांदेवालीकडून प्लासिदाचं घर कुठे ते काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने सूप स्वतःच केलं. पाट्यावर चटणी वाटली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. काळं कापड अंथरलं, कासियानोच्या नावाची बाहुली ठेवली, मेणबत्ती लावली, पान वाढलं. बाराचे टोल पडले. ज्योत सुईसारखी सरळ. तोरिबिया जपमाळ ओढत खिडकीकडे बघत होती. सुपावर साय धरली.

"तो तिकडे गेलाय," एर्मिनिया म्हणाली आणि शाल ओढून बाहेर पडली.

शहरावरून जाणाऱ्या रोपवेने वरच्या वस्तीत पोचेपर्यंत तिच्या अंगाचा तीळपापड झाला होता. प्लासिदाचं दार उघडंच होतं. त्या दिवशी प्रार्थना म्हणायला येणाऱ्या कुणालाच अडवत नाहीत. आत मेज होतं, काळ्या कापडाचं. उसाची कमान, कांद्याच्या हिरव्या पाती, टोपी घातलेली पावाची बाहुली आणि सुपाचा वाडगा. वाडग्याच्या काठावर एक माशी बसली होती, घरच्यासारखी.

"लाज नाही वाटली?" एर्मिनिया दारातूनच ओरडली. "माझ्या माणसाला आपल्या घरी बोलावतेस? काय होतं तुमच्यात?"

"सूप होतं," प्लासिदा शांतपणे म्हणाली. "देवाशप्पथ, दुसरं काही नाही. जेवायचा, आणि थोडं बोलायचा."

"बोलायचा? माझ्याशी तर टोप्या किती झाल्या यापलीकडे..."

तिची नजर मेजाच्या कडेला गेली. काळ्या कापडाच्या कोपऱ्यात एक पांढरा रुमाल अंथरला होता. त्यावर हाताच्या बोटाएवढी पावाची बाहुली आणि दुधाची वाटी. पांढरं कशासाठी घालतात हे कुणाला सांगावं लागत नाही. पांढरं लहान लेकरांचं.

"हे कुणाचं?" तिने विचारलं.

"बसा तुम्ही, एर्मिनियाबाई."

"कुणाचं?"

"तिची तीन वर्षं कधीच सरली होती, तरी दर सणाला ते ही बाहुली भट्टीतून करवून आणायचे. म्हणायचे, प्लासिदा, हिला तुझ्या घरात जरा जागा दे, आमच्या घरी हिचा विषय काढायचा नाही असं ठरलंय. ते गेल्यावर मीच आणते. लेकरू उपाशी कसं ठेवायचं?"

एर्मिनिया मटकन खाली बसली. ते ठरलं नव्हतं, तिने ठरवलं होतं. तान्ह्या लेकीला पुरून आले त्या संध्याकाळी तिने त्याला सांगितलं होतं की या घरात पुन्हा तिचं नाव काढलंस तर मी निघून जाईन. त्याने मान हलवली आणि टोप्यांना वाफ द्यायला गेला. त्यानंतर त्याने कधीच नाव काढलं नाही. आणि ती आयुष्यभर त्याच्यावर मनातल्या मनात जळत राहिली की किती लवकर विसरला हा, पुरुषाचं काळीज दगडाचं. रात्री चहा पिताना त्याच्या गप्प तोंडाकडे बघून तिने कितीदा हे म्हटलं होतं. आता हे त्याला सांगायचं कुठे? तिला रडू फुटलं, मोठ्याने, बाजारात भांडतात तसं.

"तो सांगायचा काही? तिच्याबद्दल?"

"सांगायचे, तिचे केस तुमच्यासारखे होते. जावळ काढायचं राहून गेलं म्हणायचे."

तेवढ्यात दारात एक म्हातारा आला, गळ्यात झोळी, हातात टोपी. अशी माणसं त्या दिवशी घरोघर फिरून प्रार्थना म्हणतात आणि पाव घेऊन जातात.

"कुणाच्या नावाने म्हणू?" त्याने विचारलं.

"कासियानो किस्पे," प्लासिदा म्हणाली.

"आणि ही धाकटी?"

"दरवर्षीसारखं. नुसतं लेकरू म्हणा. नाव मला त्यांनी कधी सांगितलं नाही."

म्हाताऱ्याने हात जोडले, डोळे मिटले. नवऱ्याची प्रार्थना झाली. मग तो पांढऱ्या रुमालाकडे वळला आणि त्याचे ओठ हलायला लागले.

"थांबा," एर्मिनिया म्हणाली.

ती उठून मेजापाशी आली.  इतकी वर्षं तिने तो शब्द स्वप्नातसुद्धा उच्चारला नव्हता.

"लुस्मिला," ती पुटपुटली.

"जरा मोठ्याने, माय," म्हातारा म्हणाला. "बाप इथे बसलाय, त्यालाही ऐकू गेलं पाहिजे."

एर्मिनियाने दोन्ही हातांनी मेजाची कड घट्ट धरली आणि लेकीला हाक मारली.